गाऱ्हाण्यात अडकलेली सायकल

नाहूर,
मार्गशीर्षातला सोमवार

तीर्थरूप लवूकाका,

तुमच्या पायांवर नाहूरहून माझं डोकं. (समोर आलो की तुम्ही "पुरे, पुरे" म्हणत पाय मागे घेता, म्हणून या खेपेस कागदावर निवांत ठेवून घेतो.) काकीच्या कंबरेला आता उतार पडला असेल अशी आशा आहे. तिला सांगा, तेल लावलं की लगेच विहिरीवर जाऊ नकोस. तुमची नवी कवळी बसली का? मागच्या वेळी तुम्ही म्हणाला होतात की ती घातली की देवाचं गाऱ्हाणं नीट घालता येत नाही आणि काढली की ते देवाला नीट कळत नाही. यातून काही मार्ग निघाला असेल तर कळवा. म्हशीची तब्येत, तिच्या मांगराचं छप्पर आणि शेजारच्यांबरोबरचा कुंपणाचा वाद, तिन्ही जसेच्या तसे असतील असं गृहीत धरतो.

हे सगळं फोनवरही विचारता आलं असतं, पण तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे तुम्ही मांगराच्या मागच्या चढावर जाऊन उभे राहणार, तिथे वारा सुटणार आणि मी सांगितलेलं निम्मं वाराच ऐकणार. शिवाय आजची हकिगत तशी धावत सांगण्यासारखी नाही. काका, काल मी आईबरोबर सायकली घेऊन आगगाडीने आसनगावला गेलो आणि दिवसभर हिंडून परत आलो. तिथे जे पाहिलं त्याने माझा आवाजच बारीक झालाय. सकाळपासून घरात सगळे विचारतायत, घसा बसला का म्हणून. घसा ठीक आहे. मी थक्क झालोय, एवढंच.

आई आणि सायकल हे दोन शब्द एका ओळीत वाचून तुम्ही चष्मा पुसायला घेतला असणार, तेव्हा आधी तेवढं सांगतो. पावसाळ्यात आईचा गुडघा धरला. मुलुंडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आजी, सायकल चालवा, गुडघ्याला बरं. डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे ती व्यायामाची सायकल होती, जी दवाखान्याच्या कोपऱ्यात खिळ्यासारखी उभी असते आणि कितीही पाय मारले तरी कोपऱ्यातच राहते. आईला तिथे नेऊन दाखवलीसुद्धा. आईने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि ही जाते कुठे असं विचारलं. कुठेच जात नाही म्हटल्यावर तिचा त्यातला रस संपला. घरी येऊन तिने श्रुतिकाची जुनी जांभळी सायकल जिन्याखालून बाहेर काढायला लावली. (श्रुतिका आता कॉलेजात जाते आणि त्या सायकलीच्या पुढच्या टोपलीची तिला लाज वाटते. आईला टोपलीच सगळ्यात जास्त आवडली. कोथिंबीर राहते, म्हणाली.) नात शिकवत होती, आजी शिकत होती आणि मी गॅलरीतून देवाचं नाव घेत होतो. मला वाटलं होतं दोन दिवसांचं खूळ आहे. पण दिवाळीपर्यंत आई सोसायटीच्या आवारात आठाचा आकडा काढायला लागली, आणि वॉचमन तिला गेट उघडून देताना उभा राहून सलाम करायला लागला. मला तो कधी करत नाही.

आता माझी बाजूही समजून घ्या. माझ्याकडेही सायकल आहे. ऑफिसातल्या सगळ्यांनी घेतल्या तेव्हा मीही घेतली, गिअरवाली, काळी, आणि तिची सीट कोयत्याच्या मुठीएवढी. पहिले काही महिने तिच्यावर टॉवेल वाळत. पण गेल्या थंडीपासून मी रोज पहाटे तिच्यावरून मुलुंडपर्यंत जाऊन येतो, आणि खोटं कशाला सांगू, माझा जीव जडलाय तिच्यावर. ऑफिसात दिवसभर जे ऐकून घेतो ते त्या पहाटेच्या चक्करीत धुऊन निघतं. ती नसेल तर मी काय करीन ते मला माहीत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर आईने ठरवलं की आवारात आठ काढून झाले, आता मोकळा रस्ता पाहिजे. नाहूरचा रस्ता तिला नको होता, कारण तिथे रिक्षावाले हॉर्न वाजवतात आणि ओळखीच्या बायका थांबवून गुडघ्याची चौकशी करतात. एकदा श्रुतिकाबरोबर गुपचूप आरे कॉलनीत चक्कर मारून आली होती (मला आठवडाभराने कळलं, तेही शेजारणीकडून), पण तिथे बस मागून आली की अंगावर येते म्हणाली. तिला असा रस्ता पाहिजे होता की जिथे पुढे बघितलं तर शेवट दिसणार नाही. मी नाही म्हटलं. पडलीस तर हाड मोडेल, या वयात जुळत नाही, वगैरे जे कुठल्याही मुलाने म्हणावं ते सगळं म्हटलं. शेवटी भांडण नको म्हणून आमचं असं ठरलं: एक दिवस जायचं, पण त्या दिवशी ती एकदा जरी पडली तरी जांभळी सायकल घरातून कायमची बाहेर. आईने लगेच हो म्हटलं. ती एवढ्या लगेच हो म्हणते तेव्हा तिच्या मनात नाही असतं, हे तुम्हाला सांगायला नको. बाबा तिच्यापुढे सिगारेट न ओढण्याची शपथ घेऊन परत ओढत, तसंच ती मला मिठाचं, औषधाचं आणि ओझं न उचलण्याचं वचन देऊन सगळं करत असते. माणसाला दिलेलं वचन ती मोडते, पण देवापुढे बोललेलं मात्र कधी नाही. म्हणून मी मनात एक बेत केला. तो बेत तडीस गेला हीच या पत्राची शोकांतिका आहे.

काल पहाटे निघालो. आईने श्रुतिकाची ट्रॅकपँट घातली होती आणि वर बाबांचा निळ्या चौकड्यांचा शर्ट. (तुम्हाला आठवत असेल, जत्रेला घालायचे तो. मी कपाट आवरताना तीन वेळा तो द्यायला काढला आणि तीनही वेळा तो आपोआप कपाटात परत गेला होता.) मुलुंड स्टेशनच्या खिडकीवर आमची दोन तिकिटं काढली आणि सायकलींची वेगळी मागितली. खिडकीतल्या माणसाने एक सायकल तुमची, दुसरी कोणाची असं विचारलं. मी आईकडे बोट दाखवलं. तो खुर्चीतून उठला, काचेला नाक लावून त्याने आईला बघून घेतलं आणि मग तिकिटं दिली. परत बसताना त्याने आईला नमस्कार केला. त्यानंतर दोन्ही सायकली पुलावरून पलीकडे नेण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण ओझं न उचलण्याचं वचन आईला नेमकं तेव्हाच आठवलं.

सायकली मालडब्यातून न्यायच्या. रविवारी पहाटे मुंबईहून बाहेर जाणाऱ्या गाडीचा मालडबा तुम्ही पाहिला नसेल. मीही एवढी वर्षं इथे राहून पाहिला नव्हता. आत कोळणी बसल्या होत्या, धक्क्यावरून माल घेऊन निघालेल्या, अंबाड्यात ताजी फुलं, कानांत सोनं, आणि टोपल्यांत असे मासे की त्या पिवळ्या दिव्याखाली डबाभर चांदी पसरल्यासारखी दिसत होती. मी दारातच थबकलो. आतून ओळखीचा आवाज आला. आमच्या गल्लीत मासे विकायला येणारी कमळ, जिच्याकडून आई वर्षानुवर्षं सुरमई घेते आणि प्रत्येक वेळी परत ठेवायचं नाटक करते, ती रविवारी कल्याणला बहिणीच्या गाळ्यावर बसते. ती तिथे मधोमध बसली होती. "इकरं घे गो रुक्मिनी, ती टोपली सरकव," असं आईला म्हणून तिने आईची सायकल हाताने उचलून दोन टोपल्यांच्या मध्ये अशी उभी केली की जणू ती तिथलीच. माझी सायकल मात्र दाराशी, बर्फाच्या गळत्या पाण्यात. आईला पाटी उलटी करून बसायला दिली. मी उभा.

ठाणं गेलं आणि मी बेत काढला. आईला म्हटलं, एवढ्या मोठ्या कामाला निघालोय, गाऱ्हाणं नको का घालायला? आईचा चेहराच उजळला. तिने पिशवीतून नारळ काढला. (माझ्या आधी तिलाच सुचलं होतं, हे मला नारळ बघून कळलं.) घरचा पुरुष म्हणून घालायचं मीच. आता काका, मी आयुष्यात कधी गाऱ्हाणं घातलेलं नाही. लहानपणी जत्रेला तुमच्या मागे उभं राहून "व्हय म्हाराजा" म्हणण्यापलीकडे माझी मजल नाही. पण तुमचा सूर डोक्यात पक्का होता. नारळ हातात धरला, डोळे मिटले आणि सुरू झालो: "बा देवा रवळनाथा म्हाराजा, आज हयसर जो काय तुझो लेकरू सायकल घेवन भायर पडलो आसा, तेका सांभाळ रे म्हाराजा." मला वाटलं आई एकटी म्हणेल. पण सगळ्या डब्याने दिलं: "व्हय म्हाराजा." कोळणी, दुधाच्या किटल्यांवर बसलेले भय्ये, एक भाजीवाला, सगळे. माझ्या अंगावर काटा आला. देवळात होतं तसंच झालं बघा, आपला आवाज आपला राहत नाही, त्याला मागून कोणीतरी धरतं. मला जोर चढला. वाटेतली इडापिडा दूर केली, कुत्री दूर केली, ट्रकवाल्यांना सुबुद्धी दिली, आणि दर वेळी डबा गर्जत होता.

आणि मग मी माझा डाव टाकला. आईला शब्दात बांधायचं होतं. पण आईच्या पडण्याचं तोंडाने बोलायचं कसं? आपल्यात अशुभ बोलताना कोणाचं नाव घेत नाहीत, तुम्हीही "जो कोण", "ज्या कोणाचा" असंच म्हणता. म्हणून मीही तसंच म्हटलं: "आनी आज जो कोण सायकलीवरसून पडात, तेची सायकल तुझ्या देवळात आणून उभी करू, आनी वर्सभर तो तिका हात लावचो नाय रे म्हाराजा." (कायमचीचं वर्षभर मी देवाच्या भीतीने केलं.) "व्हय म्हाराजा," असा आवाज झाला की पुढच्या डब्यातल्या माणसांनी वाकून बघितलं. आईनेही म्हटलं, अगदी स्पष्ट. मला फार बरं वाटलं. कमळ टोपलीवरचं ओलं फडकं पिळत माझ्याकडे बघत होती. उतरण्याआधी म्हणाली, "तुजी आय नाय परनार रं. तूच परशील. तुजं सगलं ध्यान आयकरं हाय." माझं ध्यान आईकडे म्हणून मीच पडणार, म्हणे. मी हसलो.

आसनगावला उतरलो तेव्हा उजाडलं होतं. स्टेशनबाहेर दगडावर नारळ फोडला, तो नीट दुभंगला, आणि मान वर केली तर समोर माहुलीचा डोंगर. काका, फोटोत डोंगर लहान होतो, म्हणून मी फोटो पाठवत नाही. सह्याद्रीने जमिनीतून मुठी वर काढाव्यात तसे ते सुळके उभे होते आणि त्यांच्यामागून सूर्य यायचा बाकी होता. आम्ही रोज ज्याला आभाळ म्हणतो ते दोन इमारतींमधलं एक चिटोरं असतं. इथे ते सगळीकडे होतं. आई सायकल धरून उभी राहिली. मग देवाला करतात तसा डोंगराला नमस्कार करून तिने टोपलीत पाण्याची बाटली आणि नारळाच्या वाट्या ठेवल्या, आणि मी हेल्मेटचा पट्टा लावेपर्यंत निघालीसुद्धा.

मी मागे. माझं काम लक्ष ठेवण्याचं होतं. डांबरी बारीक रस्ता, दोन्ही बाजूंना भात कापून झालेली शेतं, मधूनच वालाचे हिरवे तुकडे, आणि माणूस औषधाला नाही. पहिला प्रसंग बकऱ्यांचा आला. वळणावरून एक कळपच्या कळप रस्त्यावर उतरला, आई बरोबर मधे सापडली, हँडल इकडून तिकडे गेलं आणि तिचा पाय जमिनीला लागला. मी ओरडलो, पडलीस. (ओरडण्यात काळजी किती आणि जिंकल्याचा आनंद किती होता, ते माझं मला माहीत आहे.) आईने शांतपणे मागे वळून सांगितलं, "मी पडाक नाय. पाय टेकलंय. पडणा म्हणजे अंगाक माती लागाक होयी." बकऱ्या गेल्या आणि ती पुढे गेली. पडण्याची व्याख्या अशा रीतीने त्या रस्त्यावर ठरून गेली आणि मी ती मान्य केली. तेव्हा त्यात माझंच नुकसान आहे हे कळण्याचं कारण नव्हतं.

पुढे एक चढ होता. लांबलचक. मी गिअर बदलून बदलून चढत होतो, माझा श्वास मलाच ऐकू येत होता. आई उतरली, सायकल हातात धरून चालत वर गेली, मधे दोनदा थांबून गुडघा चोळला, पण परत फिरायचं नाव काढलं नाही. वर पोचल्यावर तिने रस्त्याकडे बघितलं. पलीकडे उतार होता, तेवढाच लांब, सरळ डोंगराच्या पायथ्याला भिडणारा. तेव्हा सूर्य सुळक्यांवरून नुकताच निसटला होता. मी म्हटलं, आई, चालत उतर, ब्रेक दाबत बस, नाहीतर मी पुढे होतो. तिने ऐकलं असावं, पण तोवर ती सीटवर बसली होती.

काका, आता जे लिहितो ते मला नीट लिहिता येईल की नाही ठाऊक नाही. आई त्या उतारावरून गेली. पाय मारत नव्हती, नुसती बसली होती, पाठ ताठ, हात मोकळे, बाबांचा शर्ट मागे फुगलेला, आणि अंबाडा सुटून केस वाऱ्यावर. मी आईचे केस मोकळे सुटलेले आयुष्यात पाहिले नव्हते. तिने घंटी वाजवली. समोर कोणी नव्हतं, गुरं नाहीत, माणूस नाही, तरी वाजवत गेली, सगळा उतार वाजवत गेली. मी तिला पंचेचाळीस वर्षं ओळखतो असं समजत होतो. स्वयंपाकघरातली, रेशनच्या रांगेतली, बाबांच्या आजारपणात हॉस्पिटलच्या बाकावर बसलेली. यातली कुठलीच ती नव्हती. ही कोणीतरी मुलगी होती आणि ती आमच्या घरी येण्याच्याही आधीची होती. डोंगर बघून जसं गप्प व्हायला होतं तसं मला तिच्याकडे बघून झालं. मला रडू आलं, आणि तिच्या पडण्याची मी वाट बघत होतो याची लाजही वाटली.

आणि या सगळ्यात, काका, माझी सायकलही उतारावर होती, हे मी विसरलो.

रस्ता डावीकडे वळला, मी सरळ गेलो. बांध ओलांडला, हवेत थोडा वेळ होतो असं आठवतं, आणि मग वालाच्या हिरव्यागार वाफ्यात असा पालथा पडलो की तोंडात पाला गेला. सायकल वर चाकं फिरवत पडली होती. लागलं काही नाही, काळजी नसावी. शेताची मालकीण, शेवंती नावाची, विळा हातात घेऊन पळत आली. मी आधी तिला नुकसानीबद्दल हात जोडले. तोवर आई उताराच्या तळापासून माघारी चालत आली, माझे हातपाय दाबून बघितले, काही मोडलं नाही याची खात्री केली, आणि मगच तिच्या चेहऱ्यावर ते हसू आलं. मी लगेच सांगितलं की मी पडलो नाही, वळण चुकलं म्हणून शेतात उतरलो. आईने माझ्या शर्टावरच्या मातीकडे बघितलं. मग तिने शेवंतीला विचारलं, बाई, तुम्ही बघितलंत, हा पडला की उतरला? शेवंतीने दोन्ही बाजूंचा नीट विचार केला. "पडले की भाऊ," म्हणाली. "मी बघलं ना. आधी सायकल पडली, मंग तुमी." सायकल आधी पडली असेल तर माणूस सायकलीवरून पडला असं म्हणता येणार नाही, असा मुद्दा मी काढून पाहिला. दोघीजणी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. मग शेवंतीने आम्हाला खाटेवर बसवून गुळाचा चहा दिला, आणि आईने तिला टोपलीतून एक नारळाची वाटी.

चहा पिताना मी हळूच म्हटलं की गाडीत म्हटलेलं गाऱ्हाणं काही खरं नसतं, देवळात घातलं तरच ते गाऱ्हाणं. आईने बशी खाली ठेवली. "देव काय देवळातच बसता?" एवढंच म्हणाली. तेव्हा समोर माहुली उभा होता. मी उरलेला चहा संपवला. पुढे पायथ्यापर्यंत गेलो, देवळात बसून भाकरी खाल्ली, उन्हं कलताना परत आलो. आई अखेरपर्यंत पडली नाही. माझ्या सायकलीला मी हात लावावा की नाही यावर तिने येता येता निकाल दिला की गावच्या देवळात पोचेपर्यंत लावायला हरकत नाही, नाहीतर ती तिथे आणणार कोण. आज पहाटे मी मुलुंडला गेलो नाही. सायकल पॅसेजमध्ये चादर घालून उभी आहे आणि तिच्याकडे बघत मी हे लिहितोय.

काकीला नमस्कार, वाडीतल्या लहानांच्या पाठीवर हात, म्हशीला माझ्या वाटची पेंड. तुमच्या आशीर्वादाची ओल इथवर पोचू द्या.

तुमचा,
सुयोग

ता. क. : पत्र खरं तर एका कामासाठी लिहिलं. देवाच्या गोष्टी फोनवर नकोत म्हणून. तुम्ही देवाला कौल लावता. देवाच्या अंगाला चिकटवलेल्या फुलांच्या कळ्यांतली उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, एवढं मला ठाऊक आहे. तर येत्या सोमवारी माझ्या वतीने एक कौल लावा आणि विचारा की लेकराने अजाणतेपणी बोललेला शब्द एक कोंबडा आणि पाच नारळांवर फिटेल का. सायकलच पाहिजे असा देवाचा आग्रह नसावा. देवळात ती ठेवणार कुठे? पालखीला अडचण होईल. शिवाय रेल्वेच्या सामानाच्या डब्यातून ती कुडाळपर्यंत पाठवायची, तिथून गावापर्यंत कोण आणणार, हाही प्रश्न आहेच. वर्षभर तिच्याशिवाय राहायचं मला जमणार नाही, काका. हे मी तुम्हालाच सांगू शकतो.

ता. क. २ : कळी लावताना उजवीकडची जरा सैल लावली तर देव काही म्हणणार नाही असं मला वाटतं. तुम्ही ठरवा.

ता. क. ३ : या कौलाचं आईला कळू देऊ नका. तिला वाटतंय मी नुसती हकिगत कळवतोय. पाकीट चिकटवून तिच्याकडेच देतो, बाजारात जाताना पेटीत टाकेल. दुसऱ्याचं पत्र उघडण्याची तिला सवय नाही.

~

भावजी, नमस्कार. पाकीट वाफेवर उघडलंय, परत चिकटवतंय. झिलान लिवलेला सगळा खरा आसा, एकच गोष्ट तेका म्हायत नाय. तेच्या काळ्या सायकलीचे गियर माका येतत. तो कामाक गेलो की दुपारी मी तीच चालवतंय. तेना पाठवची कशी तेचो घोर करू नको म्हणान सांगा. ती मी घेवन येतलंय, आनी कुडाळ स्टेशनापासून देवळापर्यंत मीच तिच्यावर बसून हाडतलंय. कळी उजवी पडो नायतर डावी, तुमी "सायकलच होयी" म्हणान कळवा. देवाक मी हयसरसून सांगितलंय, तो काय बोलूचो नाय. वर्स झाला की तेका तेची परत गावतली, तोपर्यंत माझी जांभळी चालवांदे.

लगीन होवन इलंय तेव्हा त्याच वाटेन इल्लंय, डोक्यावरसून पदर नाकापर्यंत, तुमच्या आवशीच्या मागसून मान खाली घालून चलत. वाट कशी आसा ती अजून माका म्हायत नाय. ह्या खेपेक सगळी बघत येतलंय.

तुमची वहिनी,
रुक्मिणी